चौथी मेणबत्ती

"त्या तिसऱ्या मजल्यावरच्या बाईपायी अख्खी बिल्डिंग अडकलीय," शेअर रिक्षात माझ्या मांडीला मांडी चिकटवून बसलेली बाई पलीकडच्या बाईला म्हणाली. तिच्या मांडीवर मेथीची जुडी होती आणि प्रत्येक खड्ड्याला ती जुडी माझ्या पोटात घुसत होती. "रीडेव्हलपमेंटच्या कागदावर सगळ्यांच्या सह्या झाल्या. हिचं आपलं एकच, घर सोडायचं नाही. का? तर पोरगा आला तर त्याला घर सापडलं पाहिजे. अगं, आमच्या डोक्यावर स्लॅब पडायची वेळ आली, आणि तो काय आता—"

"गप गं," दुसरीने तिच्या गुडघ्यावर चापट मारली. "तिन्हीसांजेचं नको बोलूस असलं काही."

"बोलले कुठे? बोललेच नाही मी."

खरंच बोलली नव्हती. डोंबिवली स्टेशनहून सुटलेली रिक्षा ठाकुर्लीच्या नव्वद फुटी रस्त्याला लागली होती, वारा छान येत होता, आणि मला एकदम घाम फुटला. तिसऱ्या मजल्यावरची बाई म्हणजे माझी थोरली बहीण, हेमाताई. पोरगा म्हणजे हर्षित, माझा भाचा. मी तिच्याकडेच चालले होते. सांगू शकले असते, की बाई, मी तिची सख्खी बहीण. बिचाऱ्या शरमल्या असत्या आणि मेथी निदान दुसऱ्या मांडीवर गेली असती. पण मला धक्का बसला तो त्यांच्या कुरकुरीचा नव्हे. स्लॅब ज्याच्या डोक्यावर त्याने कुरकुरायचं नाही तर कुणी? धक्का बसला तो त्या जिथे थांबल्या त्या जागेचा. 'तो काय आता', आणि थांबायचं. आमच्या घरात सहा वर्षं हे वाक्य नेमकं इथेच थांबतं. मला वाटायचं ही आमच्या घरची खोड आहे, जशी काही घरांत ताकाला फोडणी देतात आणि काहींत देत नाहीत. आणि इथे या परक्या बायका, ज्यांना हर्षितचा चेहरासुद्धा धड आठवत नसेल, त्याच दगडाला ठेचकाळून थांबल्या. म्हणजे सगळ्यांना ठाऊक होतं. म्हणजे एवढी माणसं रोज तो जिना चढता-उतरताना तो एक शब्द खडीसाखरेसारखा तोंडात धरून होती, चावायचा मात्र कुणी नाही.

हर्षित मालवाहू जहाजावर फिटर होता. कोविडच्या आदल्या पावसाळ्यात ते जहाज ओमानच्या अलीकडे वादळात सापडलं आणि बुडालं. काही जण सापडले, बाकीचे बेपत्ता, असं कंपनीचा माणूस फोनवर म्हणाला. ताईने तो बेपत्ता शब्द घरात घेतला, पाट दिला, पाणी दिलं, आणि तो जो बसला तो बसलाच. बेपत्ता माणूस कुठेही असू शकतो. डोक्याला मार लागून नाव विसरलेला असू शकतो, कुठल्याशा देशात तुरुंगात असू शकतो. टीव्हीवर नाही का दाखवत, वीस वर्षांनी परत आला म्हणून. तेव्हापासून त्याच्या दर वाढदिवसाला श्रीखंड होतं आणि आम्ही ते खातो. त्याची धाकटी बहीण रुचिता, कल्याणला बँकेत आहे, तिने एक मुलगा बघून ठेवलाय, तोही थांबलाय, कारण 'दादा आल्याशिवाय कसं?' असं ताई म्हणते आणि रुचिता मान हलवते. सीताराम भाऊजी, म्हणजे ताईचे यजमान, आधीच कमी बोलणारे. ते आता फक्त दूध आलं का, लाईट गेली का एवढंच बोलतात. आणि मी? मी तर सगळ्यांत हुशार. 'येईल गं,' असं मीच पहिल्यांदा म्हटलेलं. फोन आला त्या दिवशी, ताईच्या पाठीवरून हात फिरवत. म्हणायला काही पाहिजे होतं म्हणून म्हटलेलं.

अस्माराहून, लेकीकडून, येऊन मला पंधरवडा होऊन गेला होता आणि ठाण्याहून ठाकुर्लीला यायला मला वेळ मिळत नव्हता. आधी प्रवासाचा शीण, मग सर्दी, मग गॅसवाला. खरं कारण पर्समध्ये होतं, म्हणजे पर्समध्ये नव्हतं. आतल्या चेनच्या कप्प्यात जाताना हर्षितचा फोटो होता आणि येताना तो कप्पा रिकामा आला. मी निघायच्या आदल्या दिवशी ताई भाऊजींना घेऊन माझ्याकडे नौपाड्याला आलेली, माझ्या मुलीसाठी, संचितासाठी, मेतकूट आणि बेसनाचे लाडू घेऊन. निघता निघता तिने ब्लाउजमधून पाकीट काढलं आणि त्यातून तो फोटो. जहाजाच्या कामासाठी काढलेला, मागे निळा पडदा, कॉलर इस्त्रीची. "तिथे समुद्र आहे ना गं जवळ?" म्हणाली. "जरा दाखव कुणाला. माणूस कुठेही लागतो किनाऱ्याला." भाऊजी खिडकीतून खाली पार्किंगकडे बघत राहिले, जशी काही त्यांची गाडी आहे तिथे. मी म्हटलं, "दाखवते की." आणि ती म्हणाली, "पण परत आण हं. हा एकच नीट आलाय."

मी तिथे चालले होते कारण जावई तिथल्या कॉलेजात शिकवतो. आफ्रिकेत इरिट्रिया असा एक देश आहे आणि अस्मारा त्याची राजधानी, हे मला त्याच्या नोकरीमुळे कळलं. मी शाळेत सातवीपर्यंतच गेलेली. पुढचं सगळं डॉक्टरांच्या दवाखान्यात पेशंटची नावं पुकारता पुकारता, समोरच्या वाचनालयातून आणून वाचलं. त्यामुळे माझ्या ज्ञानाला भोकं फार. पण जायचं ठरल्यावर मी वाचलं, की या लोकांनी शेजारच्या मोठ्या देशाशी तीस वर्षं लढून स्वातंत्र्य मिळवलं. माझ्या लग्नात आलेला मिक्सर त्या देशापेक्षा वयाने मोठा आहे आणि अजून चालतो. देश म्हटल्यावर आपल्या डोळ्यांसमोर काहीतरी जुनंपुराणं येतं, शिलालेख वगैरे. इतका कोवळा देश मी कधी बघितला नव्हता. मला वाटलं नव्या घरासारखा वास येत असेल, रंगाचा.

वास कॉफीचा होता. गाव उंचावर, हवा माथेरानसारखी, ताडांची रांग लावलेला मोठा रस्ता, आणि कोट घातलेले म्हातारे फेसाच्या कॉफीचे छोटे कप घेऊन बसलेले, प्रत्येकाने जणू कुणाच्या तरी लग्नाला जाताना मध्येच टेकून घेतलंय. सायकली. झाडलेले फुटपाथ. मी म्हटलं, अगं संचिता, हे तर आपल्या डोंबिवलीपेक्षा नीटनेटकं. ती म्हणाली, "आई, थांब." आणि दुसऱ्या दिवशी तिने मला गावाबाहेर नेलं, तिथे रणगाड्यांचं भंगार रचून ठेवलंय. एकावर एक, गंजलेलं, ट्रक, तोफा, खाडीकाठी जुन्या गाड्या पडलेल्या असतात तसं, फक्त नजर पोचेपर्यंत. त्या लोखंडातून निवडुंग वर आलेत, माणसापेक्षा उंच. वाटेत एका पोरीकडून मी निवडुंगाची फळं घेतलेली, ती भराभर सोलून देत होती, गोड होती, दोन खाल्ली. आता विचारलं, ही फळं कुठून आणतात? संचिताने त्या लोखंडाकडे बोट केलं. माझ्या तोंडात अजून त्या बिया होत्या. थुंकायच्या की गिळायच्या ते मला कळेना, आणि एवढी साधी गोष्ट कळू नये याचीच मला भीती वाटली. शेवटी गिळल्या.

तिथे सगळे हळू बोलतात. मुलगा कुठे असतो असं विचारलं तर म्हणतात, बाहेर. बाहेर म्हणजे कुठे, कधी गेला, पत्र येतं का, हे विचारायचं नाही, असं संचिताने मला विमानतळावरून घरी येतानाच बजावलं. मला बजावायची गरज नव्हती. मी ठाकुर्लीत तयार होऊन आलेले.

आणि चपला. मोठ्या चौकात त्यांनी चपलांचा पुतळा केलाय. माणसाचा नाही, घोड्याचा नाही; नुसत्या सँडल, पट्ट्यापट्ट्यांच्या, आपल्याकडे पावसाळी प्लास्टिकच्या मिळतात ना तशा, पण लोखंडी आणि एकेक एवढी मोठी की आत बिऱ्हाड मांडावं. त्यांचे सैनिक त्या घालून लढले. बूट नव्हतेच. फाटली तर जाळावर वितळवून पुन्हा चिकटवायची. जावई हे सगळं सांगत फोटो काढत होता आणि मी काय केलं, तर सवयीने स्वतःच्या चपला काढल्या आणि हात जोडले. आपल्याला पादुका बघायची सवय. जावयाने कॅमेरा खाली घेतला. कॉफी पिणाऱ्या एका म्हाताऱ्याने उठून टोपी काढली. मला इतकं कानकोंडं झालं. आणि मग बघतच राहिले, कारण एवढ्या मोठ्या चपला आणि वर कोणी नाही. ताईच्या दाराशी, चपलांच्या कपाटात, खालच्या खणात हर्षितच्या तपकिरी चपला आहेत. नऊ नंबर. ताई त्या दर दिवाळीला पुसते, तेल लावते, आणि पुन्हा सरळ ठेवते, टाचा आत, अंगठे दाराकडे, म्हणजे आल्या आल्या... नाही, ते उलटं झालं. म्हणजे बाहेर जायला सोयीचं पडावं असं. मला हे त्या चौकात, अनवाणी, पहिल्यांदा लक्षात आलं.

समुद्र मी पाहिला. मसावा म्हणून त्यांचं बंदर आहे, डोंगरावरून उतरत उतरत जायचं, अंगावरचे स्वेटर एकेक काढत. घरांना अजून गोळ्यांची भोकं आहेत आणि त्या घरांच्या बाल्कनीत कपडे वाळत होते. किनाऱ्यावर एक माणूस जाळं दुरुस्त करत बसलेला. मी पर्सची चेन उघडली, फोटो बोटांना लागला, चेन बंद केली. काय विचारणार होते मी त्याला? समुद्र हात बांधून शहाण्यासारखा बसलेला होता.

अब्रेहेत ही संचिताची घरमालकीण. खालच्या मजल्यावर एकटी राहते, सत्तरीची असेल, बारीक वेण्या घातलेल्या, अंगावर पांढरी सुती ओढणी, हात सतत काहीतरी निवडत असलेले. मला तिचं अक्षरही कळत नव्हतं आणि तिला माझं, पण तिच्या आंबोळीसारख्या आंबट पोळीवरून आमचं जमलं. मी हातवाऱ्यांनी विचारलं पीठ किती दिवस आंबवतेस, तिने सांगितलं, आणि एवढ्यावर दोन बायकांचा अर्धा संसार होतो. तिच्या भिंतीवर तीन फोटो. दोन मुलगे, एक मुलगी. मुलीचे केस केवढे, डोक्याभोवती प्रभावळ, अर्धी विजार, पायात त्या चपला, हसतेय. तिघंही युद्धात गेलेली. एका दुपारी पायरीवर मसूर निवडता निवडता तिने सांगितलं आणि संचिता माझ्यासाठी मराठीत करत गेली. म्हणाली, लढाई संपली तेव्हा सैनिक गावात आले, आणि सगळं गाव रस्त्यावर. मी पण. आठवडाच्या आठवडे नाचलो आम्ही. प्रत्येक ट्रक बघायचा. उतरणाऱ्या पोरांना विचारायचं, माझी कुठे आहेत? आणि ती पोरं म्हणायची, आई, मागून येतायत. मागच्या ट्रकमध्ये असतील. मग मी पुन्हा नाचायची. त्यांना माहीत होतं, तिने मसुरातला खडा उचलून लांब टाकला. त्यांच्या शेजारीच पडलेली माझी पोरं. पण सांगायचं नाही असं ठरलेलं, आणि बहुतेक त्यांना सांगवतही नसणार, लहान होती. पुढे कधीतरी माणसं दारोदार कागद घेऊन आली. सगळ्या गल्लीत एकदमच. रडायचं कुणी आणि कुणाच्या घरी जाऊन बसायचं कुणी, कारण प्रत्येकीच्या घरी तेच. मेल्याचं मी सोसलं, ती म्हणाली. देश झाला. पण मला त्यांनी नाचवलं. माझी मुलं मातीत आणि मी रस्त्यावर नाचतेय, आणि बघणाऱ्या सगळ्यांना माहीत.

संचिता सांगताना थांबली. ती पण श्रीखंड खाल्लेलीच आहे. आम्ही एकमेकींकडे बघितलं नाही.

मग तो जूनमधला दिवस आला, त्यांच्या शहिदांचा. संध्याकाळी लोक हातात मेणबत्त्या घेऊन रस्त्याने चालतात, हजारो, आणि घोषणा नाहीत, बँड नाही, नुसत्या पावलांचा आवाज. आम्हाला अब्रेहेतने घरी बोलावलेलं. जमिनीवर हिरवं गवत पसरलेलं, ऊद जळत होता, निखाऱ्यावर ती कॉफी भाजत होती, आणि ताटात मक्याच्या लाह्या. त्यांच्यात कॉफी तीनदा होते; तिसरा कप घेतल्याशिवाय उठायचं नाही. फोटोंपुढे तीन मेणबत्त्या. दुसऱ्या कपानंतर संचिता काहीतरी आणायला वर गेली आणि आम्ही दोघीच राहिलो, भाषेशिवाय. मी का पर्स उघडली? ताईला सांगता यावं म्हणून, की दाखवला गं, एका बाईला दाखवला. मी फोटो तिच्या हातात दिला. हाताने समुद्र दाखवला, जहाज दाखवलं, लाट दाखवली. डोळ्यांवर तळवा धरून बघितल्यासारखं केलं, म्हणजे पाहिलास का कुठे? आणि हात पसरले. माझ्या मनात ते सगळं मिळून एक प्रश्न होता. तिला त्यात प्रश्न दिसलाच नाही. तिने फोटो दिव्याजवळ नेला, बघितला, कपाळाला लावला. मग उठली, मुलीच्या फोटोच्या चौकटीत उजवीकडे तो नीट खोवला, कपाटातून चौथी मेणबत्ती काढली, मुलीच्या मेणबत्तीवर पेटवली आणि हर्षितपुढे ठेवली.

मी 'नाही' म्हणायला हवं होतं. हातवारे येत होते की मला. उठून तो फोटो काढायला हवा होता, तो तिन्हीसांजेचा शब्द माझ्या डोळ्यांसमोर कुणी पेटवून ठेवला होता. मी हलले नाही. निळ्या पडद्यापुढची इस्त्रीची कॉलर, आणि शेजारी ती प्रभावळीच्या केसांची मुलगी, हसतेय. हर्षितचेही केस कुरळेच, ताई तेल थापून बसवायची. तो तिथे इतका नीट दिसला. त्या तिघांचं त्याने काही बिघडवलं नाही, सरकून घेतल्यासारखी जागा झाली. आणि मला हलकं वाटलं. रडू नाही आलं, भीती नाही वाटली. सहा वर्षांनी छातीवरून कुणी पाय काढावा तसं हलकं. मला हलकं वाटतंय हे कळलं तेव्हा मात्र दचकले. कारण म्हणजे माझ्या आतल्या कुणीतरी हे कधीचं मान्य केलेलं, माझ्या नकळत, माझ्याच घरात भाड्याने राहून.

मी उठले. कॉफीचा तिसरा कप तिच्या हातात तसाच. काही न बोलता दाराशी आले, चपला घातल्या, मागे न बघता पायऱ्या चढू लागले, आणि तिसऱ्या-चौथ्या पायरीवर माझ्या लक्षात आलं की मी काय केलं. आपल्याकडे दुखवट्याच्या घरातून उठताना 'येते' म्हणत नाहीत. मुकाट उठायचं आणि निघायचं. ते मी केलं होतं. अब्रेहेतची पोरं जाऊन तीस-पस्तीस वर्षं झाली, त्यांचा दुखवटा नव्हता तो. मी हर्षितच्या दुखवट्यातून उठून आले होते. आणि खाली अंगणात येऊन अब्रेहेत ओरडत होती. तिथे कोणी ओरडत नाही, शेजारच्या खिडक्या उघडल्या. संचिता धावत आली. "आई, काय झालं? ती विचारतेय, रागावलीस का? ती म्हणतेय..." संचिता खाली वाकून ऐकत म्हणाली, "ती म्हणतेय, न सांगता गेलेल्या माणसाची आम्ही वाट बघत बसतो. मी खूप बघितली. मला आता आणखी कुणाची बघायला लावू नकोस. सांगून जा." मी खाली गेले, तिचे दोन्ही हात धरले आणि मराठीत म्हटलं, "येते हं." तिसरा कप प्यायले. फोटो मागितला नाही. मला तो तिथून काढवला नसता, आणि तिनेही तो दिला नसता.

"ओ ताई, उतरायचंय ना?" मेथीवाली बाई म्हणाली. मी तिच्याच बिल्डिंगपुढे तिच्याच रिक्षात बसून राहिले होते.

जिन्यात लोखंडी टेकू लावलेत, एकेका मजल्याला चार-चार. मी त्यांच्यातून अंग चोरत वर गेले, मागून मेथी आणि तिची मैत्रीण, आणि मी तिसऱ्या मजल्याला थांबले तेव्हा दोघींची चाल अडखळली हे मला पाठीला कळलं. दार उघडंच होतं. दाराशी भाऊजींच्या चपला, एकीचा अंगठा तुटून सेफ्टी पिनने धरलेला. खालच्या खणात त्या तपकिरी.

"आलीस? किती वाळलीस गं," ताई म्हणाली. "खायला घालत नव्हते का तिकडे?" ती वाटाणे सोलत बसली होती. तिच्या डोक्यावर छताचा एक मोठा पोपडा सुटून सळ्या दिसत होत्या आणि त्याच्या बरोबर खाली तिने प्लास्टिकचा टब ठेवलेला, पाणी गळत असल्यावर ठेवतात तसा. आत मूठभर चुरा.

"ताई, तू निदान तिकडे सरकून बस."

"इथे उजेड येतो."

रुचिता बँकेतून आलेली, तिने पाणी दिलं, माझ्याकडे बघून भुवया उडवल्या. तिनेच फोन करून बोलावलेलं मला. मावशी, तू सांग तिला सहीचं, तुझं ऐकेल. भाऊजी आवाज बंद केलेला टीव्ही बघत होते. मी सांगत सुटले, कॉफी, ताड, आंबोळी, म्हातारे. चपलांचा पुतळा सांगितला, मी हात जोडले ते सांगितलं. रुचिता हसून हसून लोळायला आली. "मावशी, तू अगरबत्ती नाही ना लावलीस?"

"कुणाच्या मापाच्या?" ताईने विचारलं.

"अगं, घर मावेल आत. कुणाच्याच मापाच्या नाहीत."

"ते बरं," ताई म्हणाली. दोन शेंगा सोलून झाल्यावर म्हणाली, "म्हणजे कुठलीच आई म्हणणार नाही, या माझ्याच्या नव्हेत म्हणून." मग मान वर न करता, "फोटो दाखवलास?"

भाऊजी खाकरले. "अगं, तिला आधी चहा तरी..."

"दाखवला," मी म्हटलं. मी पर्स मांडीवर घट्ट धरली होती, जशी काही तीच मला सांगायला मदत करणार. 'कुणी ओळखला नाही गं, येईल गं,' हे वाक्य अगदी ओठांवर तयार होतं, सहा वर्षं वापरून वापरून गुळगुळीत झालेलं. मागून येतायत. मागच्या ट्रकमध्ये असतील. "ताई, फोटो मी आणला नाही. तिथे एक बाई आहे, अब्रेहेत. तिची तीन मुलं लढाईत गेली. तिने तो घेतला आणि तिच्या मुलांच्या फोटोंत लावला." माझा आवाज मला परक्यासारखा ऐकू येत होता. "आणि त्याच्यापुढे मेणबत्ती लावली. मी अडवलं नाही."

रुचिताने दोन्ही हात तोंडावर नेले. टीव्हीवर कुणीतरी आवाजाशिवाय तावातावाने भांडत होतं. छतातून चिमूटभर चुरा टबात पडला, तेवढाही ऐकू आला. मला वाटलं आता ताई ओरडेल, वाटाणे भिरकावेल, मला घराबाहेर काढेल. काढलं असतं तर मी गेले असते.

"कुणाच्या शेजारी?" ताईने विचारलं.

"काय?"

"कुणाच्या शेजारी लावला?"

"तिच्या मुलीच्या. हसरी आहे. कुरळ्या केसांची."

"एकटा नाही ना?"

"नाही."

"विझली का मेणबत्ती मध्येच?"

"मी होते तोवर नाही. पुरी जळत होती."

ताईने मान हलवली. सोललेल्या वाटाण्यांत बोटं घालून ती ते नुसतेच वरखाली करत राहिली. इतक्यात बेल वाजली, दार उघडं असून वाजली, म्हणजे कुणीतरी भीत भीत आलं होतं. खालच्या मजल्यावरचा साईनाथ, सोसायटीचा सेक्रेटरी, हातात फाईल, चेहऱ्यावर दवाखान्यातलं हसू. "काका, मीटिंग आहे, येताय ना? बिल्डरचा माणूस बसलाय. काकू, तुमचं टेन्शन कळतंय मला. मी काय म्हणतो, हर्षित आला की आम्ही सगळे आहोतच ना नवा पत्ता सांगायला. वॉचमनकडे पण सांगून ठेवू. फोटो देऊन ठेवू त्याच्याकडे."

फोटो म्हटल्यावर आम्ही सगळ्यांनी खाली बघितलं. किती चांगला माणूस. किती चांगले आम्ही सगळे, एका बाईला सहा वर्षं नाचवणारे. भाऊजी उठले. "हो, हो, वॉचमनला सांगू," म्हणत दाराशी गेले, घाईघाईत पाय सरकवला, आणि ती सेफ्टी पिन सुटली. अंगठा निघून बाजूला झाला. वाकून ते पिन शोधू लागले. "रुचिता, जरा बघ गं दुसरी पिन." साईनाथ पण वाकला. मोबाईलचा टॉर्च लावला त्याने. दोन पुरुष दाराशी ओणवे होऊन एवढीशी पिन शोधत होते, आणि त्यांच्या नाकापुढे, त्या उजेडात, खालच्या खणात त्या तेल लावलेल्या तपकिरी चपला, अंगठे दाराकडे करून. दोघांनाही दिसत होत्या. दोघंही त्यांच्या अलीकडे-पलीकडे हात फिरवत होते.

ताई उठली. मांडीवरची वाटाण्याची सालं खाली सांडली. ती दाराशी गेली, गुडघ्यावर हात ठेवून वाकली, त्या चपला खणातून काढल्या आणि भाऊजींच्या पायांपुढे ठेवल्या. पदराने वरवर पुसल्या. भाऊजी तिच्याकडे बघतच राहिले, पाय काही उचलेना.

"घाला," ताई म्हणाली. "नऊ नंबर तुम्हालाही होतो. जा आणि सही करून या. आपला हर्षित बुडाला, अहो. त्याला आता चपला लागत नाहीत."